गोठ्यातली पाहुणी

आषाढात माळशेजला गेले आणि घाट न बघता परत आले, असं सांगितलं की लोक माझ्या तोंडाकडे बघत राहतात. बार्शीसारख्या कोरड्या गावची बाई, जन्मात धड धबधबा पाहिलेला नाही, ती इतक्या लांब टोकावड्यापर्यंत जाते आणि घाट समोर दिसत असताना माघारी फिरते, हे त्यांना पटत नाही. दरड कोसळली होती का, असं विचारतात. दरड नव्हती. रस्ता उघडा होता आणि त्यावरून गाणी वाजवत गाड्या वर चढत होत्या. आम्हीच गेलो नाही. का गेलो नाही ते एकदा नीट सांगून टाकावं म्हणून लिहायला बसले आहे.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. उमेदीची सगळी वर्षं लोकांची बोलणी जोडून देण्यात आणि त्यांचे निरोप पोचवण्यात गेली. एक्स्चेंज आपोआप चालायला लागली तेव्हा आमच्यासारख्या बायकांना आधी फायलींच्या टेबलाला आणि मग घरी बसवलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी मंदा लग्नानंतर बदली घेऊन कल्याणला गेली होती. तिचा वर्षानुवर्षांचा तगादा होता की एकदा पावसाळ्यात ये, तुला आमचा ठाणे जिल्हा दाखवते. मोबाइल नुकते हातात यायला लागले होते तेव्हाची ही गोष्ट. आमच्या यजमानांनी महिनाभर कुरकुर केली, मग भाकरी थापायला शिकले, आणि मी निघाले.

मंदाने आखणी चोख केली होती. आधी तानसा, मग डोळखांब, मग टोकावडे आणि शेवटी घाट. टोकावड्याला रामभाऊ म्हणून तिच्या नवऱ्याच्या ओळखीचे शेतकरी होते. रस्त्याला लागून घर, पावसाळ्यात पडवीतल्या दोन खोल्या ते पाहुण्यांना देत. त्यांच्याकडची खास गंमत म्हणजे चिखलणी. भात लावण्याआधी खाचरात पाणी तुंबवून त्यात औत फिरवायचं, माती लोण्यासारखी करायची, ती चिखलणी. मुंबईची माणसं हौसेनं त्या चिखलात उतरतात, रेड्यांच्या मागे औत धरतात, फोटो काढतात, गावठी कोंबडी खातात आणि घाटात जातात. मला ऐकून हसू आलं. आमच्या वडिलांनी आम्हाला शिकवलं ते हातातलं औत सुटावं म्हणून.

तानसा

शहापूरहून तानशाला पोचलो तेव्हा पाऊस नुसता भुरभुरत होता. मुंबई ज्या पाण्यावर जगते ते पाणी इतकं गप्प असेल असं वाटलं नव्हतं. जुनी दगडी भिंत, पलीकडे धुक्यात बुडालेलं रान, आणि माणसापेक्षा उंच नळ रानातून मुंबईकडे निघालेले. बार्शीत टँकरच्या रांगेत उभी राहिलेली बाई मी, मला त्या पाण्याचा हेवा वाटला, आणि तसं मी मंदाला सांगितलंही.

तिथे काठाशी एक रखवालदार म्हशी हाकलत होता. दगड मारत नव्हता, पण काठी आपटत होता आणि म्हशींपेक्षा त्यांच्या मागच्या बाईवरच जास्त चिडला होता. आम्ही विचारलं की गुरांना पाण्यावर पूर्वीपासूनच बंदी आहे का.

"पूर्वी आमी डोळे झाकायचो," तो म्हणाला. "आता नाय. तिकडं वरच्या पाड्यांत ढोरं मरतात. एक जरी इथं पडलं तर माझी नोकरी जाईल."

कशानं मरतात, असं मी विचारलं. त्यानं खांदे उडवले आणि म्हशींच्या मागे गेला. ती बाई मात्र जाता जाता आम्हाला म्हणाली, "माज्या नाय मेल्या गो अजून. त्यांना तान लागत नाय काय?" आणि म्हशी घेऊन ओढ्याच्या दिशेनं वळली.

डोळखांब

डोळखांबला जायचं कारण फिरणं एवढंच नव्हतं. रामभाऊंची बायको जनाबाई तिकडच्या एका पाड्यावरची. आम्ही त्या बाजूनं येणार हे कळल्यावर रामभाऊंनी मंदाला फोनवर सांगितलं होतं की मेव्हण्याला भेटा, हिरू त्याचं नाव, आणि त्याला सांगा की रेडा चांगला चाललाय. हिरूनं आपला रेडा बहिणीकडे पाठवला होता. रामभाऊंच्या स्वतःच्या जोडीतला एक म्हातारा होऊन उन्हाळ्यात गेला होता, तेव्हा मेव्हण्याचा रेडा ऐन हंगामात आला म्हणजे लॉटरीच लागली, असं ते म्हणाले होते.

हा भाग मला फार आवडला, हे आधी सांगते. डोंगर अंगावर येतील इतके जवळ. उतारावर नाचणी, खाली भाताची खाचरं, मधूनच साग. डोळखांबच्या नाक्यावर आम्ही एका घरी जेवलो. नाचणीची काळी भाकरी, कुरडूची भाजी आणि सुकट. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, बाकीच्या सगळ्या आजारी माणसासाठी. त्या दिवशी मी माझं मत बदललं.

पाड्याच्या वाटेला लागलो तर वाटेवर आडवं तोरण बांधलेलं. आंब्याची पानं, मधे एक नारळ. मंदा म्हणाली, लग्न असेल. लग्न आषाढात कसं असेल, असं मी म्हणतेय तोवर तोरणाच्या पलीकडे एक म्हातारी उठून उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात आडवे केले.

"येव नका. पाहुणी हाय."

मंदानं आमची ओळख सांगितली, जनाबाईंच्या घरी निघालोय असं सांगितलं. म्हातारीच्या डोळ्यांत एकदम ओळख आली, ती जनाबाईंची आईच निघाली, पण हात काही खाली आले नाहीत. "पाहुणी हाय गो," ती पुन्हा म्हणाली.

मला राग आला. घरी एक पाहुणी असली म्हणून दुसरीला वाटेवरून परत लावायचं, ही कुठली रीत? आमच्याकडे दहा पाहुणे आले तर अकराव्याला अंगणात बाज टाकतात. मी तसं बोलूनही दाखवलं. "असू दे की पाहुणी. आम्ही ओट्यावर बसू, चहा पिऊ आणि जाऊ."

 म्हातारीनं मागे वळून हाक मारली आणि हिरू आला. तिशीचा, सडसडीत, कमरेला कोयता. तो तोरणाच्या पलीकडेच थांबला आणि आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात बोलला.

"बाय, माणूस नाय ती. ढोरांची बिमारी हाय. नाव घेत नाय आमी. नाव घेतलं का तिला वाटतं आपल्याला बोलावलं, मग थांबते. पाहुणी बोललं का पाहुण्यासारखी जाते."

गळ्याखाली सूज येते, तोंडातून लाळ गळते, घरघर लागते, असं तो हातानं स्वतःचा गळा दाखवत सांगत होता. सकाळी म्हशीनं गवताला तोंड लावलं नाही की सांजेला गोठा रिकामा. मी शेतकऱ्याची मुलगी, मला कळलं. घटसर्प. माझ्या ओठांवर शब्द आलाही होता, पण म्हातारी माझ्या तोंडाकडेच बघत होती, म्हणून मी तो गिळला.

वारा फिरला तेव्हा वास आला. हिरूनं नाल्याकडे हात केला. मेलेली ढोरं तिथे ओढून टाकतात. "आमी लहान होतो तेव्हा गिधाडं यायची. उतरली का हाडं ठेवून जायची, सगळं साफ. आता गिधाड दिसत नाय. कुठं गेली देव जाणे. कुत्री खेचतात, पाड्यात आणतात." वरच्या धबधब्यावर शनिवार-रविवारी पोरं यायची, त्यांची चहा-भज्यांची सोय पाड्यातल्या दोन घरांनी केली होती. तीही आता येत नाहीत. वाट त्या नाल्यावरूनच जाते.

टोकावड्याचा निरोप मी दिला. "तुमचा रेडा चांगला चाललाय म्हणे."

तो हसला. भेटल्यापासून पहिल्यांदा. "फौजदार? तो वाचला. पहिली म्हस पडली त्याच दिसाला त्याला चालवत नेला. बोललो, एक तरी राहूदे. बहिणीकडं सुखात राहील."

आम्ही निघणार एवढ्यात म्हातारी सूप घेऊन तोरणाशी आली. सुपात तांदूळ, हिरव्या बांगड्या, खण, नारळ, हळदकुंकू. पाहुणीची ओटी. पाड्यातल्या बायका मागे उभ्या राहिल्या. म्हातारीनं सूप वाटेवर ठेवलं, वाटेलाच कुंकू लावलं आणि अगदी प्रेमानं, सासरी निघालेल्या लेकीशी बोलावं तशी बोलली, "जा बाय. तुझ्या घरी सुखानं जा. परत येव नको."

 आपल्याकडे निघताना कुणी जाते म्हणत नाही. येते म्हणायचं. लहानपणी एकदा मामाच्या दारात मी जाते म्हणाले तर आईनं सगळ्यांसमोर पाठीत धपाटा घातला होता. आणि इथे ओटी भरून, कुंकू लावून, जा म्हणून सांगत होते. आम्ही त्या सुपाला वळसा घालून खाली उतरलो.

टोकावडे, शुक्रवार

किन्हवलीवरून सरळगाव, तिथून माळशेजच्या रस्त्यानं टोकावडे. रस्त्याला एकामागून एक ढाबे, बाहेर मक्याची कणसं भाजणाऱ्या बायका. रामभाऊंच्या घरावर निळ्या रंगात पाटी होती, "पाहुण्यांचे स्वागत असो". डोळखांबहून आल्या आल्या ती पाटी वाचली आणि मंदानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, गप्प बस.

जनाबाई चटपटीत बाई. हात थांबत नाहीत आणि तोंडही. माहेरची हकीकत मी सांगितली तेव्हा मात्र तिचे हात थांबले. "आजून गेली नाय ती?" एवढंच म्हणाली. मग आईनं ओटी भरून पाठवणी केल्याचं ऐकून तिला बरं वाटलं. "आयनं पाठवली म्हणजे जाईल," ती म्हणाली.

खाचरात औत चालू होतं. मुकादम आणि फौजदार. मुकादम रामभाऊंचा घरचा, थोराड, शिंगं मागे वळलेली. फौजदार हिरूचा, तकतकीत काळा, अंगानं लहान पण चिखलात पाय रोवून ओढणारा. आमच्याकडे खिलार बैलांचं कौतुक. रेडा म्हणजे शिवी. पण पोटापर्यंत चिखलात ती दोन जनावरं ज्या संथपणे चालली होती ते बघून मी मनातल्या मनात माफी मागितली. रामभाऊ बांधावर येऊन म्हणाले, "नावाचाच फौजदार हो. पोरंटोरं शेपूट धरतात, काय करत नाय."

रात्री तांदळाची भाकरी आणि खेकड्यांचं कालवण. मी खेकडा कसा फोडायचा ते शिकत असताना रामभाऊ बोलत होते. रविवारी मुंबईची मोठी पार्टी यायची होती, एका कंपनीची माणसं. त्यांच्यासाठी वरचं खाचर चिखलणी न करता राखून ठेवलं होतं. पार्टी खूष झाली तर सगळा पावसाळा माणसं पाठवणार होती. आणि तोवर खालची खाचरं उरकायची. रोप हातभर वर आलं होतं. आता औताला खळ पडून चालणार नव्हतं. रोप वेळेत उपटून लावलं नाही तर दाटून जातं, मग भात म्हणजे नुसती काडी. "जोडी हाय म्हणून काळजी नाय," असं म्हणून त्यांनी हात धुतले.

शनिवार

सकाळी उठले तेव्हा जनाबाई गोठ्याच्या दारात उभी होती. हातात गवताची पेंढी तशीच. फौजदार मान लांब करून उभा होता, गळ्याखाली मुठीएवढी सूज, आणि श्वासाला आवाज होता.

जनाबाईनं माझ्याकडे बघितलं. डोळखांबला मी काय पाहिलं ते तिला ठाऊक होतं. ती फक्त म्हणाली, "पाहुणी आली."

"कोण आलं?" रामभाऊ चूळ भरता भरता म्हणाले. ते टोकावड्याचे, त्यांच्याकडे हा शब्द या अर्थानं नाही. मग त्यांनी गोठ्यात बघितलं आणि तांब्या खाली ठेवला.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती योग्यच केली. मुकादमाला सोडून लांब आंब्याखाली नेऊन बांधलं. मग मुरबाडच्या दवाखान्यातल्या ढोरांच्या डॉक्टरांना फोन करायचा म्हणून मी शेजारच्या ढाब्यावर पळाले. रिसीव्हर कानाला लावला. मेलेली लाइन मला डायल फिरवायच्या आधी कळते. पावसानं कुठेतरी खांब पडला असणार. मंदाचा मोबाइल तिनं हात वर करून अंगणभर फिरवला, पण रेंज आली नाही. मी परतेपर्यंत मुरबाडकडे जाणारी एसटी येऊन गेली होती आणि जनाबाईनं ड्रायव्हरजवळ डॉक्टरांसाठी निरोप दिला होता. ड्रायव्हर ओळखीचा, निरोप पोचणार यात शंका नव्हती. आम्ही सगळे जरा निश्चिंत झालो.

मग वाट बघणं. खाली रस्त्यावरून गाड्यांची रीघ लागली होती. शनिवार होता ना. काचा खाली, हात बाहेर, भिजायला निघालेली माणसं. प्रत्येक मोटारसायकलच्या आवाजाला रामभाऊ उठत होते. फौजदार दुपारपर्यंत उभा राहिला, मग गुडघ्यांवर बसला. जनाबाई त्याच्या तोंडाची लाळ पदरानं पुसत होती. मी तिला म्हटलं, निदान फडकं घे. तिनं ऐकलं नाही. मला त्या डॉक्टरचा संताप आला होता. सरकारी माणूस, येईल आरामात, असं मी मोठ्यानं बोललेही.

दुपार कलली तेव्हा फौजदार गेला. जनाबाई रडली नाही. "आता हिरूला काय सांगू," असं एकदा म्हणाली, आणि मग त्याच्या गळ्यातली घंटा सोडून घेतली. रामभाऊ स्वतः मुरबाडला जायला रस्त्यावर उभे राहिले. घाटातून उतरणाऱ्या एसट्या इतक्या भरलेल्या की एकही थांबली नाही. खासगी गाड्यांनी चिखलानं भरलेला माणूस बघून काचा वर घेतल्या. अंधार पडल्यावर ते परत आले.

रविवार

सकाळी मुकादमानं गवताला तोंड लावलं नाही.

मुंबईची पार्टी वेळेवर आली. तीन जीपा, रंगीत टोप्या, चिखलासाठी मुद्दाम आणलेले जुने कपडे. उतरता उतरता एकानं विचारलं, "चिखलणी कुठंय? औत जोडलंय ना?" फौजदार गोठ्यामागे गोणपाटाखाली होता. झाकायला गोणपाट पुरलं नव्हतं, शिंगं बाहेर होती. एका मुलीनं ती बघितली आणि ती नाकाला रुमाल लावून मागे सरली.

त्याच वेळी मोटारसायकलवरून डॉक्टर आले.

तरुण होता, नांदेडकडचा, त्या हिवाळ्यातच बदलून आलेला. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, भिजू नये म्हणून वर रेनकोट, तो त्यानं अंगणात उतरून नीट घडी करून ठेवला. केस चापूनचोपून बसवलेले. आणि हातात पेढ्यांचा पुडा. औषधांची पेटी नव्हती.

"नमस्कार, रामभाऊ," तो लाजून म्हणाला. "निरोप काल रात्री मिळाला. मी लसीकरणाला गावांत फिरत होतो. कालच यायचं म्हणाला होतात, उशीर तर नाही ना झाला? कुठली पाहुणी आहे?"

कुणालाच काही कळेना. मग रामभाऊंनी कपाळाला हात लावला आणि त्यांच्याच तोंडून उलगडा झाला. हिवाळ्यात डॉक्टर लाळ-खुरकताची लस टोचायला आला होता तेव्हा रामभाऊंनी त्याला म्हटलं होतं, डाक्टर, लगीन नाय अजून? आमच्या नात्यात पोरी हायत, एखादी पाहुणी आली का बोलावतो बघायला. जनाबाईनं ड्रायव्हरला सांगितलं होतं, "टोकावड्याच्या रामभाऊंकडं पाहुणी आलेय, आजच या म्हणावं." ड्रायव्हरनं दवाखान्यातल्या शिपायाला तेच सांगितलं. शिपायानं रात्री डॉक्टरांना तेच सांगितलं. एक अक्षर गळलं नव्हतं, एक वाढलं नव्हतं. इतका शुद्ध निरोप सगळ्या नोकरीत मी क्वचितच पोचवला असेल.

"अगं, नाव घ्यायचं," रामभाऊ बायकोला म्हणाले. आवाज चढवला नाही. "डाक्टरला तरी नाव घेऊन सांगायचं."

"माझ्या तोंडून कसं घेव?" जनाबाई म्हणाली. "माझ्याच माहेरची ना ती."

डॉक्टरनं पेढे ओट्यावर ठेवले आणि इस्त्रीच्या शर्टानिशी मुकादमाशेजारी चिखलात गुडघे टेकले. गळ्याखाली हात लावला, कानाला लावला.  "काल सकाळी टोचलं असतं तर," तो म्हणाला. तसाच मोटारसायकलवर बसून पेटी आणायला मुरबाडला सुटला.

तो येईपर्यंत पार्टीत कुजबुज झाली होती. हा रोग माणसाला होतो का, कोंबडीत येतो का, दुधात येतो का. होत नाही, मी सांगितलं. मंदानं सांगितलं. पण माशा होत्या, वास होता, आणि ज्यांना सुट्टीत मजा करायची होती त्यांना दोष तरी कसा देणार? मला तेव्हा मात्र त्यांचा भयंकर राग आला होता. त्यातला एक जाता जाता शेजारच्या ढाब्यावर सांगून गेला की इथली कोंबडी खाऊ नका, रोग आहे. त्यानंतर त्या रांगेतल्या एकाही ढाब्यासमोर गाडी थांबलेली मी पाहिली नाही. कणसं भाजणाऱ्या बायका निखाऱ्यावर पाणी ओतून घरी गेल्या, आणि जाताना आमच्या अंगणाकडे बघून गेल्या.

डॉक्टर परत आला, टोचलं, बाटली लावली. दुपारभर तो मुकादमाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. उपयोग झाला नाही. मग तो उठला आणि ज्यासाठी त्याला सरकार पगार देतं ते सगळं सांगू लागला. नाल्यात टाकू नका, खोल पुरा, चुना टाका. आसपासची गुरं उद्या टोचून घेऊ. रामभाऊंनी विचारलं की हे आलं कुठून, आमच्याकडं तर कुणाचं ढोर आजारी नव्हतं. तो म्हणाला, साथीच्या गावातून आलेलं जनावर वरून चांगलं दिसतं, पण रोग बरोबर आणतं. चालून दमतं, पावसात कामाला जुंपतात, मग उसळतो. "बाहेरून एखादं जनावर आणलं होतं का?"

रामभाऊ फावडं आणायला गोठ्यात गेले. जनाबाई चुलीपाशी होती, तिला ऐकू गेलं. ज्या भावानं एक तरी वाचू दे म्हणून रेडा बहिणीच्या हवाली केला, त्याच्या मायेनंच बहिणीचा गोठा रिकामा केला होता. नवऱ्यानं तिला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला तिच्या पाठीकडे बघून वाटलं.

खड्डा वरच्या खाचरात खणला. बाकी सगळीकडे कातळ. पार्टीसाठी राखून ठेवलेली तेवढीच मऊ, मोकळी जमीन होती. शेजारचे फावडी घेऊन आले, खणू लागले, पण आपले बैल उसने देण्याचं नाव कुणी काढलं नाही. रामभाऊंनीही मागितले नाहीत. दोघा रेड्यांना शेजारी शेजारी ठेवलं, जसे औताला असायचे तसे.

सोमवार

घाटात जायचं का, असं मंदानं विचारलंच नाही. मीही विषय काढला नाही. सकाळी रामभाऊ कुदळ घेऊन खालच्या खाचरात उतरले होते. औतानं जे उरकलं असतं ते माणूस कुदळीनं किती उरकणार? रोपाची हिरवीगार पट्टी वाऱ्यावर हलत होती. अर्धीअधिक तशीच जुनी होणार हे त्यांना कळत होतं आणि तरी ते खणत होते. घरावरची निळी पाटी कुणीतरी उतरवून भिंतीशी उलटी टेकवली होती. पेढ्यांचा पुडा ओट्यावर तसाच होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या.

आम्ही पिशव्या उचलल्या. जनाबाईनं थांबवलं. सवाष्ण घरून रिकामी जात नाही, असं म्हणून आत गेली आणि सूप घेऊन आली. सुपात तांदूळ, हिरव्या बांगड्या, खण, नारळ. तिनं मंदाची ओटी भरली, मग माझी. मला कुंकू लावलं. मी वाकले, आणि आयुष्यभराच्या सवयीनं तोंड उघडलं.

येते, असं म्हणायचं होतं. म्हणता येईना. जनाबाईचं कुंकवाचं बोट माझ्या कपाळाशीच थांबलं होतं आणि ती माझ्या ओठांकडे बघत होती, तिची आई बघत होती तशी.

"जाते गं, जनाबाई," मी म्हणाले.

तिचे डोळे भरले. रेडे गेले तेव्हा भरले नव्हते ते.

"जा बाय," ती म्हणाली. "तुमच्या घरी सुखानं जा."

तिच्या आईचं त्यापुढचं वाक्य तिनं गिळलं, आणि आम्ही मागे न बघता रस्त्यावर आलो.